संजीवनीची वाटी

"किती घासायचं मेलीला? चिंच संपली, बोटं सोलली, हिचं तोंड काळं ते काळंच."

प्रयागबाई रोज सकाळी मोरीत बसून माझ्याबद्दल असं पुटपुटतात. मित्रांनो, मी ते मनावर घेत नाही. रोज घासतात म्हणजे विसरलेल्या नाहीत.

मी पितळेची एक जुनी वाटी. वय वर्षं अडतीस. पणदऱ्याच्या या घरातल्या लेकीच्या उष्टावणासाठी मला बारामतीच्या कासाराकडून आणलं. त्यानं खिळ्यानं ठिपके ठोकून माझ्या पोटावर तिचं नाव काढलं, 'संजीवनी'. ठोकताना दुखलं, पण नाव मिळालं. खिरीचा पहिला घास तिनं माझ्यातून खाल्ला आणि अर्धा माझ्यातच थुंकला.

मोठेपणी तिनं इंदापूरच्या आनंदशी स्वतःच्या मनानं लग्न केलं. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, बजावलं की तिचं नाव या घरात निघता कामा नये. त्याच दिवशी तिच्या आईनं, प्रयागबाईंनी, मला फळीवरून उतरवलं आणि देवघरात नैवेद्याला लावलं. नाव घ्यायला बंदी होती, देवापुढं ठेवायला नव्हती.

पुढं तिचं दुसरं बाळ, अनय, जन्मल्या जन्मल्या अठरा दिवस इंदापूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. या घरातून कुणी गेलं नाही. तिथल्या पेंटेकॉस्टल ख्रिस्ती मंडळीतल्या बायका मात्र रोज डबा घेऊन दवाखान्याच्या जिन्यात तिच्याजवळ बसत. बाळ वाचलं, आणि ते सारं कुटुंब त्यांच्याबरोबर येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागलं. अप्पा वारल्यावर येणंजाणं सुरू झालं. पण त्या अठरा दिवसांचा विषय मायलेकी चपलांबरोबर दाराबाहेरच ठेवत.

यंदा मे महिन्यात आनंद आणि संजीवनी मंडळीच्या संमेलनाला गेले, आणि नातवंडं पहिल्यांदाच आठ दिवस आजीकडं राहिली. नऊ वर्षांची श्रिया आणि सहा वर्षांचा अनय.

"आई, देवाला दाखवलेलं त्यांना देऊ नको. आमच्यात चालत नाही," संजीवनी जाताना म्हणाली. "एवढं एकच पाळ."

"बरं."

आमच्या घरात नैवेद्य झाल्याशिवाय कुणी जेवत नाही. मग प्रयागबाई दोन पातेली चढवू लागल्या, एक देवाचं, एक पोरांचं. शेजारच्या सिंधुबाई भिंतीवरून म्हणाल्या, "काय गं प्रयागे, देवाचं रेशनकार्ड येगळं काढलंस व्हय?"

"तुझी भाकर करपतीय, ती बघ."

पाचव्या दिवशी गॅस संपत आला. शेगडी कशीबशी जळत होती. खीर एकाच पातेल्यात झाली.  मग प्रयागबाईंनी माझ्यात एक पळी घेतली, मला पदराखाली झाकून देवापुढं ठेवलं आणि बाकीची, म्हणजे आता देवाचीच झालेली, पोरांना वाढली.

"आजी, हे देवाला दाखवलंय?" श्रियानं विचारलं.

"न्हाय गं बाई."

दोघांनी डोळे मिटले. "प्रभू येशू, या खिरीसाठी तुझे आभार. आजी आमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करते. तिचे गुडघे दुखतात, ते बरे कर. आमेन."

प्रयागबाईंनी आपलं ताट बाजूला सारलं. एरवी नैवेद्य त्या स्वतः खातात. त्या दिवशी तो माझ्यातच राहिला.

दुपारी चेंडू शोधत अनय देवघरापाशी आला. "दीदी, हिच्यात आपलीच खीर आहे. चारोळ्या पण."

श्रियानं मला उचललं, ठिपक्यांवरचं नाव वाचलं आणि दारात उभ्या असलेल्या आजीकडं बघितलं. मग मला होते तिथं ठेवलं. संध्याकाळी म्हणाली, भूक नाही. पुढचे दोन दिवस पिशवीतली बिस्किटंच खाल्ली. प्रयागबाई तिच्यासमोर ताट ठेवत आणि तसंच उचलत. हिनं आईला सांगितलं तर ही पोरं पुन्हा या घरात येणार नाहीत, हे त्यांना कळत होतं.

आठव्या दिवशी संजीवनी आली. "नीट राहिलात ना?"

"हो," श्रिया म्हणाली, आणि पिशवी भरू लागली.

तेव्हा प्रयागबाईंनी मला आणून लेकीच्या मांडीवर ठेवलं. "मी ह्यांस्नी देवाची खीर चारली. वर खोटं बोलले. पोरीनं चहाडी केली न्हाय, पर दोन दिस जेवली न्हाय."

संजीवनीचा चेहरा उतरला. "एकच गोष्ट सांगितली होती, आई." मग तिचं बोट ठिपक्यांवर थांबलं. "ही अजून आहे?"

"तू गेल्यापासनं रोज तुझं नाव देवापुढं ठेवते."

"नाव ठेवून काय झालं?"

मित्रांनो, मी तुम्हाला सांगणार होते की जुनी भांडी जपा, फार घासू नका, त्यानं नावं झिजतात. पण त्या घटकेला मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं माझी निगा राखली. जिचं नाव माझ्यावर आहे, तिच्याकडं कुणी गेलं नाही. तुमच्या घरी अशी वाटी असेल तर ती ठेवा बाजूला, आणि आधी त्या माणसाकडं जा.

प्रयागबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"अनय पेटीत हुता, तवा मी आले न्हाय," त्या म्हणाल्या. "आजवर समद्यांना अप्पांचं नाव सांगितलं. पर त्यांनी काय दाराला कुलूप घातलं नव्हतं, संजे. इंदापूरची यष्टी रोज हितनंच जात हुती. मीच बसले न्हाय."