तारेवर नसलेले पत्ते

मेहुण्याला कामाला लावलं ते मीच. साहेबांकडे शब्द टाकला आणि वर्षभर त्याच्या चुका पोटात घातल्या. बायकोचा धाकटा भाऊ, करणार काय!

आमच्याकडे रुग्णवाहिका सेवेचं कॉम्प्युटर नेटवर्क. एका इमारतीतून दुसरीत जाणाऱ्या तारांना आयपी पत्ते द्यायचेच नाहीत, असं साहेबांनी ठरवलं होतं. पत्ते कमी, तारा जास्त. तारांचं त्यावाचून काही अडत नाही. अडलं एकाच ठिकाणी. गाड्या सोडणाऱ्या खोलीचा राउटर मुख्य नेटवर्कला थेट जोडलेला नव्हता. मधल्या इमारतीच्या जिवावर मी दोन टोकांत व्हर्च्युअल लिंक बांधली होती, म्हणजे नुसता मानलेला पूल. पण टोकांनी एकमेकांना शोधायचं तर पत्ता हवा, आणि मधल्या तारांवर एकही नाही. म्हणून दोन्ही टोकांच्या राउटरमध्ये मी एकेक पत्ता ठेवला, कुठल्याही तारेला न बांधता. मेहुण्याला समोर बसवून सगळं समजावलं.

"ऑफिसच्या वहीत लिहून ठेव," म्हटलं.

"लिहितो की, भाऊजी."

लिहिलं नाही.

मग साहेबांनी फुकट अडकलेले पत्ते शोधायला सांगितले. या पठ्ठ्याला नेमके तेच दोन सापडले. ना तार, ना यंत्र, म्हणजे कचरा! भर दुपारी उडवले आणि साहेबांकडून पाठ थोपटून घेतली. दहा मिनिटांत गाड्यांच्या खोलीतले स्क्रीन कोरे झाले. तारा शाबूत, दिवे हिरवेगार. कारण सापडायला मला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ फोन घेणाऱ्या बायका रुग्णांचे पत्ते चिठ्ठ्यांवर लिहून ड्रायव्हरांकडे धावत होत्या.

चौकशीच्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "त्याची नोकरी जाईल हो. तुम्ही जुने, तुम्हाला फार तर चार शब्द बोलतील."

"वहीत नोंद का नाही?" साहेबांनी विचारलं. मी मेहुण्याकडे पाहिलं. तो टेबलावरचं पेन न्याहाळत होता, जन्मात पेन पाहिलं नसावं तसा.

"माझी चूक," मी म्हणालो.

चार शब्दांवर भागलं नाही. मला काढलं.

आठवड्याने ओळखपत्र परत करायला गेलो. माझ्या टेबलावर वही उघडी होती. मेहुण्याचं अक्षर सुरेख आहे. 'हे दोन पत्ते काढू नयेत. काढल्यास लिंक पडते.' खाली 'दोष शोधणारा' म्हणून त्याचं नाव आणि शेजारी साहेबांचा शेरा, 'उत्तम'. असा संताप आला की पान टरकावून त्याच्या तोंडावर फेकावं. पण नाही फाडलं. नोंद बरोबर होती.

घरी आलो तर बायको फोन कानाला लावून दारातच उभी.

"त्याला तुमची जागा मिळाली! तुमच्याशी बोलायचा धीर होत नाही म्हणतोय. काय सांगू?"

"सांग, वही वाचली."

ती पाठ फिरवून फोनमध्ये म्हणाली, "ते अभिनंदन म्हणतायत."