ताईला हात लावायचा नाही

चिमणीला गाढ झोप ठाऊक होती ती फक्त ऐकून. पन्नाशीला टेकलेली, अंगाने चांगली ऐसपैस बाई, पण घरात आणि बेकरीत तिचं नाव चिमणीच पडलं होतं. झोपेच्या बाबतीत ते तिला शोभायचंही. जरा खुट्ट झालं की डोळे टक्क उघडे. कारण शेजारच्या पलंगावर तिची ताई झोपायची, आणि झोपेत ताईचा श्वास बंद पडायचा.

दोघी बहिणी एकाच बेकरीत रात्रपाळीला होत्या. ताई पीठ मळायच्या यंत्रावर, चिमणी भट्टीच्या तोंडाशी ट्रे सरकवायला. सकाळी घरी यायचं, खिडकीला जाड चादर लावायची आणि दुपार टळेपर्यंत झोपायचं. ताईची पाठ टेकायचा अवकाश, तिचा डोळा लागे. घोरणं म्हणावं असं ते नव्हतंच, नुसती बारीक घुरघुर. मग ती घुरघुर थांबे. छाती वरखाली होई, पण हवा आत जात नसे. चिमणी थोडी वाट बघे, आणि मग पाय लांब करून ताईच्या पोटरीला ढोसा देई. ताई मोठा आचका देऊन श्वास घेई, कूस बदले आणि पुन्हा घुरघुरू लागे. दोन्ही पलंग चिमणीने त्यासाठीच चिकटवून ठेवले होते. मेहुणे गेले आणि ताई तिच्याकडे राहायला आली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, ताईला तर मुळीच नाही. ताई आधीच घाबरट, कळलं तर झोपायचीच नाही. शिवाय घोरणं हे पुरुषांचं काम. बाईमाणसाबद्दल असलं चारचौघांत काय बोलायचं? आपण आहोत ना जागे, मग झालं, असा तिचा हिशोब होता.

तो हिशोब एका पहाटे चुकला. ताईला यंत्रासमोर उभ्याउभ्याच डुलकी लागली आणि तिची बाही फिरत्या दांड्यात सापडली. शेजारच्याने बटण दाबलं म्हणून हात वाचला, नुसती बाही गेली. मालकाने तिला यंत्रावरून काढून पाकिटं भरायला बसवलं. तिथेही ती बसल्याबसल्या पेंगायची. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, काही केल्या थकवा जात नव्हता. वय झालं, असं सगळे म्हणाले. पाळी जाताना असंच होतं, असं शेजारणीने सांगितलं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी झोपेची तपासणी करायला सांगितली. बोटाला चिमटा, नाकाखाली नळी आणि छातीला पट्टा लावून घरीच झोपायचं होतं.

चिमणीला हायसं वाटलं. आता आपण तोंड उघडायला नको, यंत्रच सांगेल. त्या दिवशी ताई सगळ्या वायरींसकट आडवी झाली. चिमणी तिच्याकडे तोंड करून पडली आणि श्वास थांबला रे थांबला की ढोसा देत राहिली. आज एवढ्या वायरी लावलेल्या, आज तर काही होता कामा नये, म्हणून जरा जास्तच तत्परतेने.

तपासणीचा निकाल चांगला आला. श्वास अडतो, पण लगेच सुटतो. झोप मात्र सारखी मोडते. मनावर ताण असेल, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी झोपेची गोळी लिहून दिली.

गोळी घेतली त्या दिवशी चिमणीने ढोसा दिला आणि ताई हललीच नाही.

तिने पुन्हा दिला. मग उठून खांदे गदागदा हलवले, गालावर चापट्या मारल्या. चादरीच्या कडेने येणाऱ्या उजेडात ताईचे ओठ जांभळट दिसत होते. तिने ताईला धरून उठवून बसवलं तेव्हा कुठे घशातून खरखर आली आणि हवा आत गेली. ताईने अर्धे डोळे उघडून "काय गं?" म्हटलं आणि तिच्याच खांद्यावर डोकं टेकून ती पुन्हा झोपली. चिमणी तिला तशीच टेकवून रात्रपाळीची वेळ होईपर्यंत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने ताईसमोरच डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं.

"तपासणीच्या वेळीही तुम्ही उठवत होतात?" बाईंनी विचारलं.

"मग काय, मरू द्यायचं होतं तिला?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गोळी आजपासून बंद. तपासणी पुन्हा करू. आणि या वेळी तुम्ही त्यांना हात लावायचा नाही, पायही नाही."

"आणि ती उठलीच नाही तर?"

"गोळी नसेल तर शरीर आपलं आपण दचकून जागं होतं. तुम्हाला झोप लागायची तेव्हा त्या जाग्या व्हायच्याच ना?"

"मला कधी लागलीच नाही," चिमणी म्हणाली.

ताई तिच्याकडे बघत राहिली. "एवढी वर्षं?" एवढंच ती बोलली.

दुसऱ्या तपासणीचा तो दिवस चिमणीला जन्मभर पुरेल. ती पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीत बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. घुरघुर थांबली. छाती उडायला लागली, कोणी आतून दार ठोठावल्यासारखी. चिमणी ओठ चावत बसली. मनात म्हणाली, आता उठेल, आता उठेल. उठेना. ती अर्धी उठून उभी राहिली, पुन्हा बसली. बाईंनी आपल्याला फसवलं, आपण आपल्याच हाताने हिचा जीव घेतोय, असं तिला स्वच्छ वाटलं. तेवढ्यात ताई दचकली आणि तिने घशातून ओरडल्यासारखा श्वास घेतला. एवढं होऊन ती झोपेतच होती. मग पुन्हा तेच. दुपारभर तेच. चिमणीने एकदाही हात लावला नाही, आणि त्याबद्दल तिला स्वतःची घृणा आली.

या वेळचा निकाल वाचून बाईंचा चेहरा उतरला. आजार अगदी वरच्या पायरीवर होता.

"झोपेत घसा ढिला पडून मिटतो," त्या म्हणाल्या. "त्यावर एक यंत्र मिळतं, ते हवेच्या दाबाने तो उघडा धरतं. बायकांमध्ये हे उशिरा कळतं. त्या फार घोरत नाहीत, नुसत्या दमतात. मग सगळे म्हणतात, मनाला लावून घेते. मीही तेच म्हटलं."

यंत्र घरी आलं. उशाशी एक डबा, त्याला नळी, नळीला नाकावर बसणारा मास्क. ताईने तो लावला आणि दोन मिनिटांत ओरबाडून काढला.

"गुदमरतंय मला. कोणी तोंडावर बसल्यासारखं वाटतं."

"सवय होईल."

"नको गं. तू आहेस ना शेजारी."

रोज हेच. थोडा वेळ मास्क नाकावर, मग उशीखाली. चिमणी पुन्हा पाय लांब करून पडू लागली. बाईंनी यंत्र तपासलं, दाब सुरुवातीला कमी ठेवला, लहान मापाचा मास्क दिला. मग चिमणीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही शेजारी आहात तोवर त्या हे लावणार नाहीत."

चिमणीला राग आला. इतकी वर्षं जिवाचं रान केलं त्याचं हे बक्षीस. पण घरी जाताना तिला कळून चुकलं की बाई खरं बोलल्या. आज ना उद्या आपला डोळा लागणार, आणि त्या दिवशी ताईच्या नाकावर काही नसेल.

तिने आपली गादी स्वयंपाकघरात नेली. ताई लहान पोरीसारखी तिच्या मागोमाग आली.

"मला भीती वाटते गं एकटीला."

"मलाही वाटते. मास्क लाव. मी आत येणार नाहीये."

तिने मधलं दार लावलं. पलीकडून ताई तिला शिव्या देत होती, मग रडली, मग यंत्राची बारीक सूं सूं सुरू झाली. चिमणी ओट्याखाली गादीवर बसून कान लावून ऐकत राहिली. सूं सूं एवढंच येत होतं. ती उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. आत ताई मेली असेल तर आपण तिला दार लावून मारलं, हा विचार डोक्यातून जाईना. भिंतीला पाठ लावून ती बसली, डोळे दाराकडे ठेवून.

जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात संध्याकाळचं ऊन आलं होतं. आपण झोपलो होतो हे कळायलाच तिला वेळ लागला. कळलं तशी ती धडपडत उठली. यंत्राचा आवाज बंद होता. ती दारापाशी गेली, दारावर हात ठेवला, आणि तो हात पुढे काही करेना. ताईला हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण उत्तर आलं नाही तर काय, म्हणून मारली नाही.

दार पलीकडूनच उघडलं. दारात ताई उभी होती, केस विस्कटलेले, दोन्ही गालांवर पट्ट्यांचे लाल वण.

"अगं बाई, रात्रपाळीची वेळ होत आली," ती म्हणाली. "मला उठवलं का नाहीस?"

चिमणी दाराशीच खाली बसली आणि तिला रडू आवरेना.