गिलासांची उतरंड

लातुरात क्लासेसच्या गल्ल्या आहेत, तिथे नागुबाईंची खाणावळ आहे. तिला पाटी नाही, कधी लागलीही नाही. डॉक्टर व्हायला आलेली पोरं विचारत विचारत येतात आणि पहिल्याच जेवणाला नागुबाई त्यांना दोन गोष्टी बजावतात. एक, ताटात काही टाकायचं नाही. दोन, गिलास पडले की ताट तसंच टाकून बाहेर पळायचं.

हे गिलास म्हणजे स्टीलचे पाच गिलास. एक सुलटा, त्यावर एक उपडा, पुन्हा सुलटा, अशी त्यांची उतरंड भिंतीशी रचलेली असते. जमीन जरा थरथरली तरी खणखणाट करत कोसळावी, अशी बेतानं रचलेली. किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांच्या वस्तीत कुणी कुणी अशा उतरंडी रचून झोपायचे. पुढे इतरांची भीती ओसरली आणि त्यांचे गिलास पुन्हा पाणी प्यायच्या कामाला लागले. नागुबाईंचे काही लागले नाहीत. रात्री तर ते रचायचेच, पण दिवसासुद्धा कुठल्याही कारणानं घराचं दार लागलं की आधी उतरंड उभी राहणार. म्हणून त्यांच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं असतं.

या नियमाचा परिणाम दूरवर पोचला आहे. नागुबाईंच्या हातची भाकरी खाऊन डॉक्टर झालेली पोरं आता गावोगावी दवाखाने चालवतात आणि नर्सच्या हातून ट्रे पडला की पेशंट सोडून दाराकडे बघतात. नागुबाईंचे यजमान लिंबाजी म्हणतात, लातूर पॅटर्नचं एवढं कौतुक होतं, पण त्यातला हा धडा कुणी धरतच नाही.

अशी चेष्टा लिंबाजींनीच करावी, दुसऱ्या कुणी नाही. बायको का पळते हे त्यांना ठाऊक आहे. भूकंपाच्या त्या वर्षी किल्लारीकडच्या त्यांच्या गावाला आधीपासून अधूनमधून हादरे बसतच होते आणि माणसं त्यांना सरावली होती. गणपती बुडवून गाव झोपलं त्या पहाटे लिंबाजी थोरल्या धम्मानंदाला घेऊन अंगणात बाजेवर पडले होते. आत नागुबाईंच्या कुशीत लहानगी कांता होती. पाठीखालची जमीन गुरगुरली तशी नागुबाईंना जाग आली. रस्त्यानं ट्रक चालला असेल असं वाटून त्यांनी कूस बदलली. एवढंच त्यांनी केलं. पुढे दगडमातीच्या भिंतीखालून लोकांनी नागुबाईंना जिवंत काढलं आणि कांताला नुसतं काढलं. तेव्हापासून नागुबाईंनी ट्रकला ट्रक म्हणणं सोडून दिलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि इथे तर पोळलेलं तोंड नव्हतं, काळीज होतं.

धम्मानंद आता मुखेडला एसटीत कंडक्टर आहे. त्याची मुलगी धम्मप्रिया दहावीनंतर डॉक्टर व्हायला म्हणून लातूरला आजीकडे आली. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात हुकली. तिसऱ्यांदा बसायची तयारी चालली असताना एका मैत्रिणीबरोबर ती नांदेडला गेली, फरहान सरांच्या रविवारच्या वर्गाला. हे सर मूळचे देगलूरचे, शिवणकाम करणाऱ्या घरातले. बाहेर मोठमोठ्या ठिकाणी शिकून, कृत्रिम बुद्धिमत्तेत संशोधन करून परत आले आणि नांदेडात एका शाळेची रिकामी खोली घेऊन मुलांना तेच मराठीतून शिकवू लागले. यंत्राला कसं शिकवायचं, ते चुकलं तर का चुकलं हे कसं हुडकायचं, असलं सगळं. फी काही नाही. अट एकच, ज्याला प्रश्न पडत नाहीत त्यानं येऊ नये.

धम्मप्रियाला प्रश्नच प्रश्न पडले. तिनं तिसरी परीक्षा सोडली, कॉलेजात कॉम्प्युटरला नाव घातलं आणि दर रविवारी नांदेडची बस धरू लागली. मुखेडहून बापाचा फोन आला की पोरगी हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली आहे. डॉक्टर कळतो, इंजिनिअर कळतो, हे संशोधन म्हणजे कोणती नोकरी? लिंबाजींनाही ते कळलं नव्हतं. शोध लावायचा म्हणजे आधी काय हरवलंय ते तरी सांग, असं त्यांनी नातीला विचारून घेतलं. नागुबाईंना तर त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी पाहिली होती. क्लासहून येताना ही पोरगी कधी हसली नव्हती, आणि रविवारी नांदेडहून येते ती दारातूनच बडबडत येते. त्यांनी फोन हातात घेऊन मुलाला सांगितलं, "जाऊ दे तिला. भाकरी माझी हाय, तुझं काय जाऊन राहिलंय?"

शिकता शिकता धम्मप्रियानं स्वतःचं काम काढलं, आणि ते निघालं या गिलासांतूनच. बापाचा जुना, काच तडकलेला फोन तिनं फरशीवर ठेवला. फोनला हलणं कळतं. मग त्याला निरनिराळे हादरे ओळखायला शिकवायचं: हा वाळूचा टिपर, हा मिक्सर, ही पोरांची दणदण आणि हा खरा भूकंप. खऱ्या भूकंपांच्या नोंदी तिला इंटरनेटवर मिळाल्या. बाकीच्या नागुबाईंनी पुरवल्या. नात सांगेल तेव्हा त्यांनी शेंगदाण्याचं कूट कुटलं, पाट आपटले, एकदा तर लिंबाजींना जागच्या जागी उड्या मारायला लावल्या. खरा भूकंप आला तर फोन बोंबलणार आणि बाकी कशाला गप बसणार, असा बेत होता. सुरुवातीला तो मिक्सरलाच भूकंप समजून बोंबलायचा. धम्मप्रिया म्हणायची, तो अजून शिकून राहिलाय. नागुबाई ऐकून घ्यायच्या आणि रात्री आपले गिलास रचायच्या. नातीचं कौतुक एकीकडे, पण भरवसा गिलासांवर.

त्याच सुमारास फरहान सरांनी बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचं सांगितलं. लहान गावांतल्या मुलांना तिथे वर्षभर ठेवून घेतात, शिष्यवृत्ती देतात आणि मोठ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायला मिळतं. धम्मप्रियानं अर्ज केला, पहिली चाळणी पार पडली आणि मुलाखत ठरली, लॅपटॉपवर, घरूनच. लॅपटॉप सरांनी स्वतःचा दिला. ही मुलाखत साधली तर पोरीला तिची वाट सापडणार होती. हुकली तर बाप तिसऱ्या परीक्षेची फी भरून मोकळा होणार होता.

इथेच घोडं पेंड खात होतं. गल्लीत शेजारचा स्पीकर, क्लासच्या गाड्या, पोरांची वर्दळ. मुलाखतीला दार लावणं भाग होतं, आणि दार लागलं म्हणजे गिलास रचणं भाग होतं. नागुबाईंनी बुद्धांसमोर मेणबत्ती लावली, नातीच्या केसांवरून हात फिरवला आणि उतरंड उभी केली.

सगळं ठीक चाललं होतं. समोरची तिघं इंग्रजीतून विचारत होती, धम्मप्रिया इंग्रजीतून सांगत होती आणि नागुबाई कोपऱ्यात बसून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. एका बाईंनी काहीतरी विचारलं. धम्मप्रियानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गल्लीतून वाळूचा टिपर गेला.

गिलास कोसळले. त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही, तीस वर्षांच्या सवयीनं केलं. नागुबाईंनी नातीचं मनगट धरून तिला खुर्चीतून उचललं आणि दार ढकलून दोघी गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या खोलीत जेवणारी पोरं खरकट्या हातांनी त्यांच्या मागे. सगळ्यात शेवटी लिंबाजी. दुसऱ्याची वस्तू आहे, तिला धक्का लागायला नको, म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला होता आणि लेकरू आणावं तसा छातीशी धरून आणला होता.

टिपर कोपऱ्यावर वळला. जमीन जागच्या जागी होती. लॅपटॉप उघडेपर्यंत समोरची माणसं पुढच्या मुलाकडे गेली होती.

धम्मप्रिया रडली नाही, भांडलीही नाही. आत जाऊन तिनं फरशीवरचा तडकलेला फोन उचलला आणि एवढंच म्हणाली, "हा गप व्हता, आज्जी. याच्याकडं कुणी बघितलंच न्हाई."

नागुबाईंना तेवढं पुरलं. त्या दिवशी त्यांच्या पोटात घास गेला नाही. कांताच्या वेळी उठले नाही म्हणून एक गेलं, आणि आता उठले म्हणून हिचं गेलं. मग उठायचं कधी आणि बसायचं कधी, हे माणसाला सांगणार कोण? लिंबाजींनी समजूत घालायला दोनचार विनोद करून पाहिले आणि एकही लागू पडत नाही म्हटल्यावर पडलेले गिलास गोळा करायला लागले.

फरहान सरांचं म्हणणं पडलं की संस्थेला लिहून पुन्हा वेळ मागावी. काय लिहावं, इथे धम्मप्रिया अडली. नागुबाई जवळ आल्या.

"लाइट गेली म्हणून लिही," त्या म्हणाल्या. "मराठवाड्यात लाइट गेली म्हणलं की कुणी खोटं म्हणत न्हाई. माझ्या येडेपणाचं कशाला सांगतीस?"

"येडेपणा न्हाई तो," धम्मप्रिया म्हणाली. "त्याच्यामुळंच तर मी हे काम करून राहिले. त्या बाईंनी तेच इचारलं व्हतं, हेच काम का म्हणून. उत्तर द्यायच्या आधी तू मला उचललंस."

हे बोलताना तिला मुलाखतीनंतर पहिल्यांदा हसू आलं. तिनं खरं तेच लिहिलं, कांतासकट. दोन दिवसांनी उत्तर आलं, गुरुवारी दुपारी पुन्हा बोलू.

गुरुवारी नागुबाईंनी कुणाला काही न विचारता पाचही गिलास उचलून फळीवर ठेवले. धम्मप्रिया म्हणाली, राहू दे, मी दारच उघडं ठेवते. बाहेर स्पीकर वाजत होता. नागुबाईंनी दार लावून घेतलं. मग त्या दाराला टेकून फरशीवर बसल्या, दोन्ही तळहात जमिनीला टेकवले आणि तडकलेला फोन समोर ठेवून घेतला. गिलास नाहीत तर आता आपणच गिलास, असा त्यांचा हिशोब असावा.

मुलाखत सुरू झाली. मागच्याच बाईंनी मागचाच प्रश्न विचारला असावा, कारण धम्मप्रियानं एकदा आजीकडे बघितलं आणि बोलायला लागली. नागुबाईंना त्या इंग्रजीतला एकच शब्द कळला, किल्लारी. तो कानावर पडतो न पडतो तोच तळहातांखाली फरशी गुरगुरली.

टिपर असेल. नसेलही. नागुबाईंची पाठ ताठ झाली आणि एक पाय आपोआप उभा राहायला निघाला. तीस वर्षं त्या एका कूस बदलण्याची भरपाई करत त्या पळत आल्या होत्या. हातभर अंतरावर नात होती, तिचं मनगट होतं, दाराची कडी तर डोक्याशीच होती. त्यांनी समोरच्या फोनकडे बघितलं. फोन गप होता. नात बोलत होती, तिचा आवाज कापत नव्हता. नागुबाईंनी उचललेला पाय खाली घेतला आणि फोनवरची नजर न हलवता बसून राहिल्या. गुरगुर थोडी वाढली, मग विरली. लुगड्याला पुसले तेव्हा त्यांचे दोन्ही तळहात घामानं भिजलेले होते.

धम्मप्रियाची निवड झाली हे पुढच्या आठवड्यात कळलं. लिंबाजींनी गल्लीभर पेढे वाटले, आणि मुखेडचा बाप बसमधल्या प्रवाशांनाही सांगत सुटला. पण नागुबाईंना विचाराल तर निवड त्या दुपारीच झाली होती, लॅपटॉप मिटल्यानंतर.

लॅपटॉप मिटून धम्मप्रिया आजीसमोर फरशीवर येऊन बसली.

"मधी हललं ना गं, आज्जी?"

"हललं."

"मग उठली न्हाईस?"

"तुझा फोन गप व्हता," नागुबाई म्हणाल्या. "म्हणून मी बी बसले."

धम्मप्रियाचे डोळे भरून आले. सरांनी शाबासकी दिली होती, आता त्या मोठ्या माणसांनीही मान डोलावली होती, पण तिच्या कामावर जीव ठेवून बसलेलं माणूस हे पहिलंच. तिला खोटं बोलवेना.

"ते अजून चुकतंय, आज्जी. पक्कं झालं न्हाई."

"मंग जा की," नागुबाई म्हणाल्या. "जाऊन पक्कं करून ये."

त्यांनी दार उघडलं. जेवायची वेळ टळून गेली होती आणि पोरं बाहेर ताटकळत उभी होती. ताटं मांडली तर पाण्याला गिलास कमी पडले. नागुबाईंनी फळीवरचे पाच काढले, विसळले आणि पाणी भरून पोरांच्या पुढ्यात ठेवले. रात्री ते पुन्हा रचायचे की नाही, ते त्या रात्री बघणार होत्या.