मॅडमचं एक वाक्य

मंजुळा गमरे डोंबिवलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या, तरी त्यांचं शिकवणं काही सुटलं नाही. ग्रहण असलं, धूमकेतू आला, की ठाण्या-कल्याणकडच्या शाळा आणि मंडळं त्यांनाच बोलवायची. त्या आपली दुर्बीण रिक्षात घालून जायच्या. मानधनाचं विचारायच्या नाहीत आणि कोणी दिलंच तर संकोचायच्या. त्यांचे यजमान जगन म्हणायचे, "मंजू, तुला फुकट बोलायला मिळालं की दुसरं काही लागत नाही." ते खरंही होतं.

दोन हजार पंचवीस साली थ्रीआय अ‍ॅटलास आला. सूर्यमालेच्या बाहेरून आलेली आणि माणसाच्या नजरेला पडलेली ही तिसरीच वस्तू. शास्त्रज्ञांनी त्याला धूमकेतू म्हटलं. पण तो काही बाबतींत नेहमीच्या धूमकेतूंसारखा वागत नव्हता. मग तिकडे अमेरिकेत कोणी शंका काढली, की हे परक्या संस्कृतीने पाठवलेलं यान तर नसेल? दिवाळी येईपर्यंत ती शंका डोंबिवलीतल्या फॅमिली ग्रुपांवर बातमी होऊन फिरायला लागली.

नौपाड्यातल्या एका व्याख्यानमालेचे कार्यवाह साईनाथ मंजुळाबाईंकडे आले. या वर्षी व्याख्यान नको, वादच ठेवू, म्हणाले. "यान की धूमकेतू? धूमकेतूच्या बाजूने तुम्ही. समोर प्रेम भोईर. त्याचं चॅनल माहितीये ना मॅडम? तुमचाच विद्यार्थी ना तो?"

प्रेम त्यांचाच होता. कोलशेतचा, आगरी घरातला, घरात कॉलेजात गेलेला पहिला. त्याच्याइतका हुशार मुलगा त्यांना पुन्हा मिळाला नाही. पहिल्या वर्षाला असताना तो प्रयोगाचं उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं नाही म्हणून खोटा आकडा भरत नसे. आलं ते लिही आणि का आलं ते शोध, हे मंजुळाबाईंनी शिकवलेलं त्याने मनावर घेतलं होतं. पुढे तो संशोधनाला बाहेरगावी गेला आणि ते अर्धवट टाकून परत आला. का, ते त्याने कोणाला नीट सांगितलं नाही. आता त्याचं चॅनल लाखो लोक बघत होते. आफ्रिकेतल्या रेडिओ दुर्बिणीला अ‍ॅटलासभोवती पाण्यापासून सुटलेल्या कणांची, म्हणजे धूमकेतूचीच, खूण सापडली, तेव्हा प्रेमने व्हिडिओला नाव दिलं होतं, 'सिग्नल मिळाला?'

मंजुळाबाईंनी तो व्हिडिओ बघितला होता आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं. त्या साईनाथना हो म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजमागे चहा घेताना प्रेमने त्यांना वाकून नमस्कार केला. तो जाड झाला होता. चेहऱ्यावर आधीच मेकअप होता.

"प्रेम, तुला खरंच वाटतं ते यान आहे?"

तो हसला. "काय मॅडम. धूमकेतूच आहे तो. मी काय वेडा आहे?"

"मग हे कशाला करतोस?"

"दोन वर्षं मी खरं खरं शिकवत होतो मॅडम. स्पेक्ट्रम म्हणजे काय, कक्षा कशी काढतात. तुम्ही शिकवलेलं तसंच. माझी आई आणि चार पोरं बघायची. मग एकदा नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं आणि लोक आले. खोटं मी कधीच बोललेलो नाही. मी फक्त विचारतो."

मंजुळाबाईंनी कप खाली ठेवला. तेवढ्यात साईनाथ बोलवायला आले.

सभागृह भरलेलं होतं. मंजुळाबाईंनी चित्रं दाखवली. धूमकेतूभोवतीचं वायूचं आवरण, शेपूट, त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. तो इतर धूमकेतूंपेक्षा वेगळा का असेल तेही सांगितलं. जो दुसऱ्या ताऱ्याजवळ जन्मला तो आपल्याकडच्यांसारखा का असावा? लोक ऐकत होते, काही जण मोबाइल बघत होते. मग प्रेम उभा राहिला. त्याने एकही विधान केलं नाही. नुसते प्रश्न विचारत गेला, आणि प्रत्येक प्रश्नानंतर थोडा थांबत गेला. शेवटी तो त्यांच्याकडे वळला.

"मॅडम, एकच विचारतो. हे यान नाहीच, हे तुम्ही शंभर टक्के खात्रीने सांगाल?"

स्टेजमागचं त्याचं बोलणं सर्वांसमोर सांगावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण ते तो त्यांच्याशी बोलला होता, लोकांशी नाही. त्यांनी फक्त त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"शंभर टक्के खात्री विज्ञान कशाचीच देत नाही. ते यान असण्याची शक्यता शून्य आहे, असं मी म्हणणार नाही. पण आजवरचा प्रत्येक पुरावा तो धूमकेतू असल्याचंच सांगतो. यान म्हणणाऱ्यांकडे पुरावा काहीच नाही."

टाळ्या पडल्या. परतताना जगन म्हणाले, "चांगलं झालं. पण तो आत जे बोलला ते सांगायला हवं होतंस." त्यांनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमच्या चॅनलवर त्यांच्या उत्तराचा तुकडा आला. "ते यान असण्याची शक्यता शून्य आहे, असं मी म्हणणार नाही." तिथेच तो तोडलेला होता. खाली लिहिलं होतं, 'निवृत्त प्राध्यापिकेची कबुली'.

संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे गेला. चिपळूणच्या नणंदेने अभिनंदन केलं. बाजारात एका माणसाने थांबवून, सरकार हे का लपवतंय ते विचारलं. मंजुळाबाई प्रत्येकाला पुढचं वाक्य सांगत राहिल्या. लोक मान डोलवायचे आणि मागचंच बोलायचे. ते सगळं त्यांनी सोसलं. पण ज्या खगोल मंडळाच्या मुलांच्या शिबिरात त्या दर वर्षी शिकवायच्या, तिथून फोन आला. कार्यकर्ता अडखळत म्हणाला, "मॅडम, पालक विचारतायत. आम्हाला माहितीये हो तुम्ही काय म्हणालात. पण या वर्षी राहू दे."

त्या कोलशेतला प्रेमच्या घरी गेल्या. त्याने खुर्ची दिली, आईला चहा टाकायला सांगितलं.

"पूर्ण बोलणं टाक. नाहीतर तुकडा काढ."

"पूर्ण पण टाकलंय मॅडम. एक तासाचं आहे. कोणी बघत नाही."

"मी काय उत्तर देईन ते तुला माहीत होतं."

"हो," तो म्हणाला. मग खाली बघत, "तुम्ही दुसरं काही बोलला असतात ना, तर मला वाईट वाटलं असतं."

तो हे मनापासून म्हणाला, आणि तेच त्यांना सहन झालं नाही. चहा येण्याआधी त्या उठल्या. मागून त्याची आई, "मॅडम, चहा तरी घ्या," म्हणत दारापर्यंत आली. तुकडा त्याने काढला नाही.

जानेवारीत कल्याणच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांची कार्यशाळा होती. तिथे अजून त्यांना बोलावणं होतं. मंजुळाबाईंनी अ‍ॅटलासबद्दल थोडक्यात सांगितलं. मागच्या रांगेतून अक्षदा नावाची तरुण शिक्षिका उठली. ती वाचून आली होती. "मॅडम, आपण तो लांबूनच बघतो, त्याच्या नुसत्या प्रकाशावरून ठरवतो. मग चूक किती असू शकते? म्हणजे, किती खात्रीने म्हणायचं, हे मुलांना कसं सांगायचं?"

असा प्रश्न विचारणारा कोणी भेटावा म्हणून मंजुळाबाई आयुष्यभर दुर्बीण घेऊन फिरल्या होत्या. त्या बोलायला तोंड उघडणार, तर पहिल्या रांगेत एकाने व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरलेला दिसला.

"धूमकेतू आहे," त्या म्हणाल्या. "शंभर टक्के. मुलांना तेवढंच सांगा. शंकेला जागा नाही."

अक्षदा उभीच होती. तिला अजून काही विचारायचं होतं, पण पहिल्या रांगेने टाळ्या वाजवल्या आणि ती खाली बसली. मुख्याध्यापक आभार मानताना म्हणाले, की असं ठाम बोलणारी माणसं हल्ली राहिली नाहीत. मंजुळाबाईंच्या हातात त्यांनी गुलाबाचं फूल आणि शाल दिली. त्यांनी दोन्ही घेतलं आणि फोटोसाठी उभ्या राहिल्या.