सातव्या टाकीची बादली

नाक गेलं की साके करणाऱ्याने घरी बसावं, हे वाक्य आमच्या ओयाजींचंच. दुसऱ्या कुणाबद्दल तरी काढलेलं.

ओयाजी म्हणजे कासामात्सु-सान, आमच्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कोठाराचे मुख्य कारागीर. वय एकाहत्तर. इथे सगळे त्यांना ओयाजी, म्हणजे बाप, म्हणूनच हाक मारतात आणि बापाला घाबरावं तसं घाबरतात. मी फुमिए. एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली वाफवलेल्या तांदळावर साकेची बुरशी चढवते. डिसेंबरात त्यांना ताप आला. उतरला तो त्यांची वासाची शक्ती घेऊनच. हे फक्त मला माहीत होतं. प्रत्येक टाकी आधी मी चाखायची, त्यांच्या कानात सांगायचं, मग ते चारचौघांत पेला हुंगून मत द्यायचे.

"हंगाम संपेपर्यंत निभावून ने गं. मार्चमध्ये मीच सांगेन सगळ्यांना."

"आणि तोवर मी खोटं बोलू?"

"आजवर काय सत्याचा पुतळा होतीस?"

राग यायचा मला त्यांचा. पण नाही म्हणवत नव्हतं.

फेब्रुवारीत सेंदाई शहरातले सहा दुकानदार येतात. ते निवडतील त्याच टाकीवर ओयाजींचं नाव लागतं. माणसं पट्टीची. घोट तोंडात घोळवतात, नाकाने श्वास सोडतात आणि टाकीजवळच्या बादलीत थुंकतात. साके कितीही उत्तम असो, थुंकतातच. गिळत बसलं तर चौथ्या टाकीला जीभ बधिर होते. आमच्यात थुंकणं हाच मान.

नेमकी त्याच आठवड्यात बुरशी रुसली. दोन दिवस मी बुरशीच्या गरम खोलीतून हलले नाही, आणि सातवी टाकी चाखायची राहिली. बाहेर आले तेव्हा ओयाजी तळाशी निळी वर्तुळं असलेल्या पांढऱ्या पेल्यांत मला न विचारताच तीच ओतत होते.

"ही यंदाची सगळ्यात चांगली," ते छाती काढून म्हणाले.

दारातच मला वास आला. चार दिवस पिळायचं राहून गेलेल्या फडक्याचा. मी दोनदा खोकले. ही टाकी नको, याची ती आमची खूण होती.

"फुमिए, सर्दी झाली असेल तर बाहेर हो. पाहुण्यांना देतेस काय?"

सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

सहांत ज्येष्ठ हिराबायाशी-सान. त्यांनी घोट घेतला. चेहरा हलला नाही. त्यांनी बादलीकडे पाहिलं, मग ओयाजींच्या आशेने भरलेल्या डोळ्यांकडे, आणि गिळलं. त्यांचं बघून बाकीच्या पाचांनीही गिळलं.

"चवीला खोली आहे हिच्या," एक म्हणाला.

"कासामात्सु-सानांचा हात!" दुसरा म्हणाला.

माझा पेला आला. कोठाराचे मालक समोर, पाहुणे समोर. मी काय करणार होते? गिळला.

जाताना त्यांनी वेगळीच टाकी ठरवली. नमस्कारासाठी मात्र नेहमीपेक्षा खाली वाकले.

मी परत आत आले तर ओयाजी सातव्या टाकीजवळ बादली तिरपी करून बघत होते.

"कोरडी आहे," ते म्हणाले.

मी दार लावून घेतलं.

"तीस वर्षांत हिराबायाशीने माझा एक घोट गिळलेला नाही. आज गिळला. मरायला टेकलेल्या माणसाशी गोड बोलतात ना, तसा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तूही गिळलास?"

"हो."

"कसला वास होता?"

"ओल्या फडक्याचा."

त्यांनी पेला उचलून नाकाशी धरला. मग दुसरा. मग तिसरा. सगळे पेले झाल्यावर पुन्हा पहिला घेतला. ते पेले काढून घ्यावेत असं मला फार वाटत होतं, पण हात उचलवत नव्हता.

"फुमिए," ते म्हणाले, "घाणसुद्धा येत नाही गं."