जेवताना घेतलेलं नाव

पहिला घाव काचेच्या नळीवर बसला, दुसरा धाकट्याच्या खांद्यावर.

"तूच आणलास तो जंतू घरात!" थोरला ओरडला. गॅरेजमधला मोठा पाना घेऊन, डोक्यात राख घालून तो थेट प्रयोगशाळेत घुसला होता. उकळतं पाणी अंगावर सांडून भाजलेली त्याची पोर दवाखान्यात होती. जखमा चिघळल्या, आणि आज डॉक्टरांनी जंतूचं नाव सांगितलं. नेमकं तेच नाव, जे धाकटा वर्षानुवर्षं जेवताना कौतुकानं घ्यायचा. या बाबाला दुसरा विषयच नव्हता!

"दादा, ऐक तरी! इथे जंतू नाहीच. त्याचं एक प्रथिन आहे नुसतं. आपल्या पेशींवर साखर असते, तिला ते चिकटतं आणि जंतूला पकड मिळते. ती पकड सोडवायचं औषध शोधतोय आम्ही. जंतू काय, नळाच्या पाण्यातही असतो..."

"पोर सडतेय माझी, आणि तू मला साखर सांगतोस?"

पाना तोंडावर बसला. दात तुटून ओठात घुसला. थोरल्यानं गचांडी धरून त्याला फुटक्या काचांवर आपटलं आणि लाथांनी तुडवलं. लहानपणी याच धाकट्याला कुणी नुसतं बोट लावलं, तरी तो अंगावर धावून जायचा. रखवालदारांनी थोरल्याला ओढून बाजूला केलं तेव्हा तो ढसाढसा रडत होता.

"पोलिसांना बोलावू का, साहेब?" एका रखवालदारानं विचारलं.

"नको. भाऊ आहे माझा."

तेवढ्यात थोरल्याच्या खिशातला फोन वाजला. वहिनी होती. पोर काकाला बोलावतेय, दोघंही लगेच या, म्हणाली.

धाकट्याच्या जिवात जीव आला. वहिनी तरी आपल्याला दोष देत नाही! तोंडावर रुमाल दाबून तो भावाच्या गाडीत बसला.

खोलीच्या दारात वहिनी उभी होती. थोरल्याला तिनं तसंच आत सोडलं. धाकट्याचं सुजलेलं तोंड तिनं पाहिलं, पण काय झालं ते विचारलं नाही.

"आधी हात धुवा, भावोजी. कोपरापर्यंत," ती म्हणाली. "दोनदा धुवा."

आतून बारीक आवाज आला, "काका आला?"

"आलो गं राणी, आलोच!"

तो बेसिनकडे धावला. साबण लावला की काचांच्या चिरांतून पुन्हा रक्त यायचं, की हा पुन्हा साबण लावायचा. तेवढ्यात खोलीतून थोरल्याचा हंबरडा ऐकू आला. वहिनी आत धावली.

धाकट्यानं हातांवरचा फेस धुतला. मग कोपरापर्यंत आणखी एकदा साबण लावला.