डावखुरा ऑगस्ट

विळा. गव्हाची पेंढी. शाळेतली छडी. शिशाची पट्टी. शिडीवरच्या बाईचं बोट.

मित्रांनो, गोंधळलात ना? मीही आज आनंदाने गोंधळलेलो आहे! मी थाळीएवढी गोल, रंगवलेली काच, पाचशे वर्षांची. इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये आम्ही बारा महिने होतो. फेब्रुवारी चुलीपाशी पाय शेकायचा, नोव्हेंबर डुकरांसाठी ओकची फळं झोडपायचा. मी ऑगस्ट, गहू कापणारा गडी. आता एकटाच उरलोय.

नव्वद वर्षांपूर्वी वादळात खिडकी खिळखिळी झाली, मला धरून ठेवणारी शिशाची पट्टी सुटली. घाईतल्या कारागिराने मला परत बसवलं, ते उलटं! रंगाच्या रेघा आतल्या अंगाला हव्यात, त्या बाहेर गेल्या. विळा डाव्या हातात आला आणि गावाने लाडाने नाव ठेवलं, 'डावखुरा'. दर पावसात माझं नाक थोडं थोडं झिजत होतं, ते कुणालाच कळलं नाही.

काल चर्चचे कारभारी ऑस्विन पेग म्हणाले, "चेहराच उरला नाही याला. काढा, आणि साधी काच बसवा."

काचा दुरुस्त करणाऱ्या विनिफ्रेडने शिडीवरून माझ्यावर बोट फिरवलं आणि ती ओरडलीच, "अहो, हे आतलं अंग गुळगुळीत! रेघा बाहेर आहेत. गडी उलटा बसवलाय! फिरवला तर वाचेल."

"फिरवला की उजवा होईल. हेस्टर आजी तुमची शिडीच ओढतील!" ऑस्विन म्हणाले.

हेस्टर आजी खालच्या बाकावरच होत्या. डाव्या हाताने लिहिलं म्हणून शाळेत छड्या खाल्लेल्या. माझ्याकडे बघून तो हात लपवायचं त्यांनी सोडलं होतं.

"सत्तर वर्षांची सोबत मोडतेस होय गं?"

"नाही फिरवला तर सगळाच जाईल, आजी."

आजी बाकाला धरून उठल्या.

"मग बघत काय बसलास, ऑस्विन? शिडी धर की! उजवा तर उजवा. बिचाऱ्याचं नाक तरी राहू दे."

आज मी फिरलो! पाऊस आता माझ्या पाठीवर पडतोय, तोंडावर नाही! उरलंय तेवढं नाक शाबूत आहे. आजींनी खालून डावा हात हलवला.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसट दिसली तर फेकण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. ती नुसती उलटी बसवलेली असेल.

आणि आजींना एक सांगायचं राहिलंच: विळा उजव्या हातात असला, तरी मला रंगवणारा कारागीर डावखुरा होता.